शेवंती रात्र मोजते

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एकाच शेवंतीच्या बुडाशी फुटलेली दोन रोपं मी दोन कुंड्यांत लावली. माती एकाच ढिगातली, शेणखत एकाच पोत्यातलं, पाणी एकाच झारीनं. एक कुंडी गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याशी ठेवली. दुसरीला तिथे जागा उरली नाही म्हणून ती जिन्याच्या तोंडाशी, ट्यूबलाइटखाली गेली. ऊन दोघींनाही भरपूर मिळत होतं. दिवाळीत कठड्याजवळची कुंडी पिवळ्या फुलांनी अशी भरली की पानं दिसेनात. जिन्याजवळची मात्र नुसती हिरवीगार, टवटवीत, पहिलीपेक्षा वीतभर उंचसुद्धा. पण कळी एकही नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, खत जास्त झालंय. दुसऱ्या एकांनी सुचवलं, पाणी तोडून बघा. मी दोन्ही करून पाहिलं, काही फरक पडला नाही. आम्ही सगळे त्या रोपाला दिवसा काय मिळतं ते तपासत होतो. रात्री त्याला काय मिळतं, हे कुणाच्याच मनात आलं नाही. रात्री त्याला जिन्यातला दिवा मिळत होता, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत.

हे कोडं सुटलं की आश्विन-कार्तिकात बागेत काय करायचं आणि ते का करायचं, याचीही बरीच उकल होते.

आपला शरद पानगळीचा नव्हे

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत 'ऑटम'चं प्रकरण उघडलं की पहिलं काम असतं पडलेली पानं गोळा करण्याचं आणि दुसरं, थंडीआधी झाडं झाकण्याचं. ती पुस्तकं जिथं लिहिली गेली तिथं ते बरोबरच आहे. आपल्याकडे या दिवसांत झाडं वर्षातली सर्वांत भरलेली असतात. आपली पानगळ शिशिरातली. साग, पळस, पांगारा पानं टाकतात ती जानेवारीच्या पुढेमागे, आणि तीही थंडीपेक्षा पाण्याच्या ओढीमुळे. पान म्हणजे पाण्याचा रोजचा खर्च. जमिनीतला साठा आटू लागला की झाड तो खर्च बंद करतं.

शरदात साठा भरलेला असतो. नैऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मुंबई-पुण्यातून परततो. जमिनीत ओल, आभाळ मोकळं आणि रात्री हळूहळू गार होत जाणाऱ्या. त्याआधी सूर्य हस्त नक्षत्रात असताना पडणारा पाऊस, ज्याला गावाकडे हत्तीचा पाऊस म्हणतात, रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला ओल पुरवतो. भोंडल्यात पाटावर हत्ती मांडून मुली फेर धरतात, तो हाच हत्ती.

म्हणून मला वाटतं, आपल्या घरच्या बागेचं वर्ष पाडव्याला नाही, घटस्थापनेला सुरू होतं. परडीतल्या मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याची उगवण पाहायची, ही रब्बीच्या तोंडावर घरोघर होणारी बियाण्याची चाचणीच आहे. त्या घटातले कोंब देवघराच्या अंधारात पिवळसर आणि लांबलचक होतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ते लक्षात ठेवा. शेवंतीच्या कोड्याचा एक धागा त्या पिवळ्या कोंबांत आहे.

रात्रीचं घटिकापात्र

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांना आमच्या जिन्यातल्या शेवंतीसारखंच एक झाड भेटलं होतं. 'मेरीलँड मॅमथ' नावाची ती तंबाखूची जात. उन्हाळ्यात शेतात ती माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलायचं नाव घेत नसे. तीच हिवाळ्यात काचेच्या घरात लावली तर लहान असतानाच फुले. त्यांनी तापमान तपासलं, माती तपासली, पाणी तपासलं. शेवटी भर उन्हाळ्यात काही कुंड्या ते दुपारीच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढू लागले. दिवस असा आखूड केल्यावर तंबाखू फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. झाडं दिवसाची लांबी ओळखतात, या गुणाला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात.

शेवंती, पॉइन्सेटिया ही 'आखूड दिवसाची' झाडं ठरली. पण हे नाव थोडं फसवं आहे. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी झुडपावर प्रयोग केले. ज्याची काटेरी फळं गुरांच्या शेपटीला आणि आपल्या कपड्यांना चिकटतात, ते हे झुडूप. त्यांनी दिवसाच्या मध्येच थोडा वेळ अंधार करून पाहिला, झाडाला काही फरक पडला नाही. मग लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड दाखवला, तर फुलणं थांबलं. म्हणजे झाड दिवस मोजतच नव्हतं. ते मोजत होतं सलग अंधार. शेवंतीला आखूड दिवस हवा असतो, यापेक्षा तिला लांब आणि अखंड रात्र हवी असते, हे म्हणणं जास्त खरं.

हा अंधार मोजला जातो तो पानातल्या एका रंगद्रव्याच्या मदतीनं. त्याचं नाव फायटोक्रोम. त्याची दोन रूपं असतात. उजेडातला लाल भाग अंगावर पडला की ते जागं होतं. अंधार पडला की हळूहळू पुन्हा निजतं. घटातल्या कोंबांना 'अजून उजेड आलेला नाही, लांब होत राहा' हे कळतं तेही मुख्यतः याच रंगद्रव्यामुळे. उजेड मिळाला की तोच कोंब उंच वाढणं आवरतो आणि हिरवा होतो.

जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. शेवंतीच्या पानात रोज संध्याकाळी अशी एक वाटी पाण्यात सोडली जाते, अशी कल्पना करा. रात्र पुरेशी लांब असेल तर वाटी बुडते आणि झाडाला कळतं, फुलायची वेळ आली. मध्येच कुणी दिवा लावला तर जणू वाटी उचलून रिकामी केली आणि पुन्हा पाण्यात सोडली. उरलेल्या रात्रीत ती भरत नाही. खरी यंत्रणा या वाटीहून गुंतागुंतीची आहे. झाडाच्या पेशींत चोवीस तासांचं एक अंतर्गत घड्याळ असतं आणि फायटोक्रोमचा निरोप त्या घड्याळाशी ताडून पाहिला जातो. पण जिन्यातल्या कुंडीचं काय झालं ते समजायला वाटी पुरेशी आहे. तिची वाटी पावसाळाभर आणि दिवाळीतही एकदासुद्धा बुडाली नव्हती.

आपल्या अक्षांशावर हा फरक तसा लहानच असतो. पुण्यात जूनअखेरचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरअखेरचा सुमारे अकरा तासांचा. सहा महिन्यांत जेमतेम सव्वादोन तासांचा बदल, म्हणजे दिवसाकाठी सरासरी पाऊण मिनिटाचा. आपल्याला तो कार्तिकात 'लवकर अंधारून येतं हल्ली' एवढाच जाणवतो. शेवंतीला तो ऑगस्टपासून कळत असतो.

हरितगृहात शेवंती घेणारे शेतकरी या ज्ञानावर आपलं वेळापत्रक बसवतात. झाड पुरेसं उंच होईपर्यंत मध्यरात्रीच्या सुमारास काही तास दिवे लावून रात्र तोडायची, मग दिवे बंद करायचे. बाजाराला फुलं लवकर हवी असतील तर उलट करायचं, उजेड असतानाच वाफ्यावर काळं कापड ओढायचं. रात्री रस्त्यानं जाताना शेतात ओळीनं दिवे लागलेले दिसले, तर तिथं कदाचित शेवंतीला जागं ठेवलेलं असेल.

पानं मोजतात, शेंडा फुलतो

यातला सर्वांत सुंदर प्रयोग शेवंतीवरच झाला आहे. १९३० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी शेवंतीच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली. मग खालच्या पानांना त्यांनी आखूड दिवस दिला आणि वरच्या उघड्या शेंड्याला लांब दिवस. शेंडा फुलला. उलट केलं, शेंड्याला आखूड दिवस आणि पानांना लांब, तर फूल आलं नाही. म्हणजे रात्र मोजतात पानं, आणि फुलण्याचा निरोप तिथून देठातून शेंड्याकडे जातो. त्या न सापडलेल्या निरोप्याला चैलाख्यान यांनी फ्लोरिजेन असं नाव दिलं. तो हाती लागायला पुढे सत्तर वर्षं गेली. २००७ साली मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपात आणि भातात, पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत प्रवास करणारं प्रथिन सापडलं.

यातून शेवंतीसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, भाद्रपदात तिची पानं 'साफ' करू नका. रोगट पानं काढा, बाकीची राहू द्या, कारण मोजदाद तीच करत आहेत. दुसरी, शेंडे खुडायचे ते ऑगस्टअखेरपर्यंतच. शेंडा खुडल्यानं बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात, हे खरं. पण निरोप निघाल्यावर शेंडा खुडला, तर तो ज्याच्या पत्त्यावर निघाला होता तेच घर आपण पाडलेलं असतं.

सूर्य दक्षिणेला सरकतो, कुंड्याही सरकवा

गच्ची-गॅलरीत बाग करणाऱ्यांसाठी मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं शरदातलं काम म्हणजे कुंड्यांच्या जागा बदलणं, आणि नेमकं तेच बहुतेक जण करत नाहीत.

शून्य सावलीचा दिवस आता अनेकांना माहीत झाला आहे. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी थोडा उत्तरेकडे असतो. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, पुण्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तो ४८ अंशांपर्यंत खाली येतो.

हे अंश सोडून कठड्याची सावली बघा. एक मीटर उंचीच्या दक्षिणेकडच्या कठड्याची दुपारची सावली सप्टेंबरअखेर फूटभर असते. डिसेंबरात ती ९० सेंटिमीटर होते. म्हणजे कठड्याला चिकटून जमिनीवर ठेवलेल्या ज्या कुंडीला गणपतीत छान ऊन होतं, ती नाताळपर्यंत पूर्ण सावलीत जाते. तिला विटांवर किंवा स्टँडवर चढवा, नाहीतर कठड्यापासून मीटरभर आत घ्या. उत्तरेच्या गॅलरीला मे-जूनमध्ये मिळणारं थेट ऊन आता बंद होतं. तिथं फुलझाडांचा हट्ट सोडून मनीप्लँट, नेचे, अळू यांना जागा द्यावी. दक्षिणेच्या गॅलरीचे मात्र सुगीचे दिवस येतात. तिरपं ऊन थेट घरात शिरतं. टोमॅटो, मिरची, शेवंती, गुलाब तिकडे हलवा.

हलवताना एवढंच बघा की शेवंतीवर रात्री कुठला दिवा पडत नाही ना. रस्त्यावरचा दिवा जवळ असेल तर तोही मोजा.

चटका आणि धुतलेली माती

ऑक्टोबरात आणखी एक कोडं पडतं. माती ओली, तरी झाडं दुपारी माना टाकतात. पाऊस नुकताच संपलेला, मग तहान कसली?

याला दोन कारणं आहेत. पावसाळाभर ढगाळ, दमट हवेत फुटलेली पानं पातळ आणि कोवळी असतात. वरचं मेणासारखं आवरण पुरेसं जाड झालेलं नसतं. ढग हटतात आणि तीच पानं एकदम कडक उन्हात उघडी पडतात. चार महिने घरात राहिलेल्या माणसाला अचानक भर दुपारी शेतात उभं करावं, तसं. दुसरं कारण मुळांत असतं. सतत ओल्या मातीत हवेच्या पोकळ्या पाण्यानं भरतात, मुळांना श्वास घेता येत नाही आणि बारीक मुळं कुजतात. वरून पाण्याची मागणी वाढलेली आणि खालून पुरवठा करणारे हातच कमी झालेले. अशा वेळी झारी उचलली तर उरलीसुरली मुळंही गुदमरतात. आधी बोटाचं एक पेर मातीत घालून पाहावं. आत ओल असेल तर पाणी नको. आठवडा-दहा दिवस दुपारची सावली द्यावी आणि वरची माती हलवून मोकळी करावी.

मोकळी का? पावसाच्या थेंबांनी मातीचे कण फुटून वर पापुद्रा बसतो. त्याखालच्या बारीक वाटांतून पाणी वर चढतं आणि उडून जातं, कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तसं. वरचा दोन बोटं थर खुरप्यानं मोडला की वात तुटते आणि खालची ओल खाली राहते. काळ्या जमिनीत तर हे फार निकडीचं. ती माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओल निघून जाते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते याच हिशेबानं.

पावसानं आणखी एक गोष्ट नेलेली असते, ती म्हणजे नत्र. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं आणि कुंडीच्या भोकावाटे निघून जातं. त्याची खूण पानांवर दिसते. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटव्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ते बहुधा लोहाचं दुखणं, कारण लोह एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही. नत्रासाठी वरची दोन-तीन इंच माती काढून तिथं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी.

इथे 'चांगलं कुजलेलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वाळकी पानं किंवा भुसा थेट मातीत कालवला तर झाडं आणखी पिवळी पडतात. मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या दृष्टीनं वाळकं पान म्हणजे नुसता भात आणि ओला हिरवा पाला म्हणजे डाळ. नुसता भात वाढला तर डाळ ते मातीतून उचलतात, म्हणजे झाडाच्या वाट्याचं नत्र खातात. खतासाठी वाळका आणि ओला पाला एकत्र रचून आधी कुजवावा. मातीच्या पृष्ठभागावर नुसतं आच्छादन म्हणून वाळकी पानं पसरायला मात्र हरकत नाही. पावसात माजलेलं टाकळ्यासारखं तण बी धरण्याआधी उपटलं तर तीच फुकटची डाळ. बी धरल्यावर उपटलं तर पुढच्या वर्षाची पेरणी आपणच केली असं होतं.

कात्री कुठं चालवायची

दसऱ्याच्या आसपास गुलाबाची छाटणी करतात. नव्यानं बाग करणाऱ्यांचा हात इथं अडखळतो. चांगलं वाढलेलं झाड कापायचं कसं?

गुलाबाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो आणि तो निजलेला असतो. त्याला निजवणारा असतो शेंडा. वाढता शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करतो. ते फांदीतून खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शिवाय पानांनी केलेल्या साखरेचा मोठा वाटाही शेंडाच ओढतो. एकत्र कुटुंबात कर्ता माणूस सगळे व्यवहार आपल्या हाती ठेवतो, तशी ही व्यवस्था. शेंडा कापला की साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, ऑक्सिनचा धाक संपतो आणि दोन-तीन डोळे एकदम फुटतात. म्हणून छाटणीनं फांद्या वाढतात.

पावसाळ्यात फुटलेल्या फांद्या लुसलुशीत असतात, पानांवर काळे ठिपके पडलेले असतात. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक फांद्या आधी काढाव्यात. चार-पाच निरोगी फांद्या ठेवून त्या फूट-दीड फुटावर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर आणि डोळ्यापासून दुसरीकडे उतरता, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार हवी. चेचलेल्या कापातून बुरशी शिरते. कापावर बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक लावावं. कलमाच्या सांध्याखालून, म्हणजे खुंटाला फुटलेली फूट मुळापासून काढावी. ती ठेवली तर काही वर्षांत आपला गुलाब जाऊन जंगली गुलाब उरतो. छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात. दसऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर फुलते ती अशी.

हीच कात्री नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत पाहावी. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे वेलीला झोप लागेल एवढी थंडी नसते, म्हणून शेतकरी तिला दोनदा छाटतात. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांवरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्मघड तयार होतात. ते बाहेरून दिसत नाहीत. म्हणून ऑक्टोबर छाटणीआधी बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की नेमकं तिथं कापायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या ताटात येणारा घड आदल्या उन्हाळ्यात डोळ्यात बसलेला असतो आणि ऑक्टोबरातला काप त्याला वाट करून देतो. छाटणी म्हणजे झाडाची कापाकापी वाटते त्यांनी एकदा ही छाटणी बघावी.

एक सावधानता. मोगऱ्याला आता हात लावू नका. त्याची छाटणी भर थंडीत, उन्हाळ्यातल्या बहरासाठी.

धणा फोडून का पेरतात

शरदातली पेरणी म्हणजे मुख्यतः पालेभाज्या आणि थंडीच्या भाज्या. मेथी सर्वांत सोपी. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात कापणीला येते. कोथिंबीर मात्र रुसते. आपण जो धणा म्हणतो ते बी नव्हे, ते फळ आहे आणि आत दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. म्हणून लाटण्यानं किंवा चपलेनं हलकेच रगडून त्याचे दोन भाग करतात, रात्रभर भिजवतात आणि मग पेरतात. एवढं करूनही ऑक्टोबरच्या कडक उन्हात पेरलेली कोथिंबीर विरळ उगवते आणि लवकर फुलावर जाते. दिवाळीनंतर तीच दाट येते. थोडी थोडी दर पंधरा दिवसांनी पेरावी, म्हणजे एखादी पेरणी तरी हवामानाला गाठतेच.

फ्लॉवरचं रोप घेताना मात्र जात विचारल्याशिवाय घेऊ नये. फ्लॉवरचा गड्डा तापमानावर धरतो. लवकरच्या जातींना तो धरायला २० अंशांच्या वरचं तापमान चालतं, उशिराच्या 'स्नोबॉल' गटाला १० ते १६ अंशांच्या आसपासची थंडी लागते. उशिराची जात लवकर लावली तर नुसती पानं वाढत राहतात. लवकरची जात उशिरा लावली तर झाड लहान असतानाच गड्डा धरतं आणि तो लिंबाएवढाच राहतो. 'रोपवाटिकेनं फसवलं' असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा रोप चांगलं असतं आणि महिना चुकलेला असतो.

लसणाची मोठी, बाहेरची पाकळी टोक वर ठेवून ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावी. आधी थंडीत पात वाढते, मग दिवस लांबू लागले की गड्डा भरतो. मटारही आता पेरावा. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीची लागवड याच सुमाराला होते आणि त्या स्ट्रॉबेरीच्या कळ्या धरण्यामागेही लांब, गार रात्रीच असतात.

[चौकट] शरदातली बाग, क्रमानं

भाद्रपद सरताना: शेवंतीची खुडणी आता बंदच ठेवा. तण बी धरण्याआधी काढा. कुंड्यांची भोकं मोकळी करा. पिटुनिया, फ्लॉक्स, अॅस्टर यांचं बी आडोशाला पेरा. उघड्या पावसात कोवळी रोपं बुडाशी कुजतात.

आश्विन: कुंड्या सूर्याप्रमाणे हलवा. वरची माती बदला. गुलाब छाटा. मेथी, पालक, मुळा पेरा.

कार्तिक: लसूण, मटार, कोथिंबीर. फ्लॉवर-कोबीची रोपं लावा. कांद्याचं बी रोपांसाठी टाका. आच्छादन घाला.

कांदा परदेशी जातो तेव्हा

न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ राहणारी मराठी कुटुंबं परसात लावायला इथून बियाणं नेतात. मेथी तिथल्या उन्हाळ्यात चांगली येते. कांदा मात्र निराश करतो, आणि त्याचं कारण पुन्हा रात्रच.

कांदा शेवंतीच्या उलट वागतो. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लांब झाला की तो पात वाढवणं थांबवून गड्डा भरायला लागतो. आपल्या कांद्याची ही मर्यादा आपल्या दिवसांना साजेशी, साधारण बारा तासांच्या जवळपास आहे. महाराष्ट्रात रब्बीला लावला जाणारा 'एन-२-४-१' आधी पात वाढवतो आणि दिवस लांबू लागला की भरतो. लंडनला जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा असतो. तिथं वसंतात लावलेल्या आपल्या कांद्याला पहिल्याच आठवड्यांत मर्यादा ओलांडलेली दिसते आणि तो पात नीट वाढण्याआधीच गड्डा धरतो. हाती येतात गोट्या. तिकडचं बियाणं इथं आणलं तर उलटं होतं. ज्या लांब दिवसाची ते वाट पाहतं तो पुण्यात कधी उगवतच नाही. पात मिळते, कांदा नाही.

ट्यूलिपच्या कंदांचंही तसंच. तिकडे ते शरदात जमिनीत पुरतात, कारण फुलण्याआधी त्यांना तीन महिन्यांच्या आसपास सलग थंडी हवी असते. पुण्याच्या कुंडीत पुरून ती मिळणार नाही. कंद फ्रिजमध्ये थंडी देऊन मगच लावावे लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा इथल्या रात्रींना ओळखणारी शेवंतीच मला जवळची वाटते.

जिन्याजवळची ती कुंडी नोव्हेंबरच्या मध्यावर मी उचलली आणि गच्चीच्या टाकीमागे ठेवली. तिथं दिवसा ऊन येतं आणि रात्री कुठलाच दिवा पोचत नाही. खत, पाणी पहिल्यासारखंच. तीन आठवडे काही दिसलं नाही. मग शेंड्याच्या पानांत मोहरीएवढे हिरवे मणी दिसू लागले, आधी एका फांदीवर, मग सगळ्या. फुलं उमलली ती संक्रांतीला. हळदीकुंकवाला आलेल्या काकूंच्या हातात तिळगुळाबरोबर त्यातलंच एक फूल दिलं.